बाळांच्या आणि ज्येष्ठांच्या तोल सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियांची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोल सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे नेमके काय?

शरीर एका बाजूला कलू लागले की आपण काही ठरवण्याआधीच मान, धड, हात आणि पाय यांचे स्नायू कामाला लागतात आणि कल सावरला जातो. ही दुरुस्ती होण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळत असते. डोके कोणत्या दिशेला आणि किती वेगाने हलले हे आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे गुरुत्व जाणणारे अवयव कळवतात, आजूबाजूचे दृश्य सरकले का हे डोळे कळवतात आणि तळपायांवर भार कुठे आहे, सांधे किती वाकले आहेत हे त्वचा, स्नायू व सांधे यांतील संवेदना कळवतात. मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू या तिन्हींचा मेळ घालून स्नायूंना हुकूम सोडतात. उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन अचानक सरकली, तर घोट्याचे स्नायू सुमारे १०० मिलिसेकंदांत आवळले जातात. जाणूनबुजून केलेल्या हालचालीला त्याहून जास्त वेळ लागतो.

गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारल्यावर पाय उडतो, तशा या क्रिया एकसाची नसतात. धक्क्याचा जोर, पायांतील अंतर, हातात काही आहे की नाही, मनात पडण्याची धास्ती आहे की नाही, यांनुसार त्या बदलतात. तपासणी करताना म्हणूनच क्रिया झाली की नाही एवढी नोंद पुरत नाही. ती कशी झाली, किती वेळात झाली आणि दोन्ही बाजूंना सारखी झाली का, हे पाहावे लागते.

बाळ आणि ज्येष्ठ यांचा एकत्र विचार करण्याचे कारण काय?

दोन्ही वयांत तोल हा आजार ओळखण्याचा एक चांगला दरवाजा असतो. मात्र विचारायचे प्रश्न वेगळे असतात. बाळाच्या बाबतीत कोणती क्रिया कोणत्या महिन्यात आली आणि कोणती वेळेवर मावळली, हा क्रम महत्त्वाचा असतो. ज्येष्ठांमध्ये सगळ्या क्रिया आयुष्यभर वापरून झालेल्या असतात, त्यामुळे त्यांतील कोणती मंदावली, कशामुळे मंदावली आणि तिची उणीव दुसरी कोणती भरून काढते आहे, याचा शोध घ्यायचा असतो. बाळाची तपासणी ज्येष्ठांच्या मापाने किंवा ज्येष्ठांची तपासणी बाळाच्या मापाने करता येत नाही. तरीही काही क्रिया दोन्हीकडे त्याच असतात, आणि त्यांतील एकीबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

नवजात बाळात कोणत्या क्रिया तपासल्या जातात?

सर्वांत परिचित क्रिया म्हणजे मोरो प्रतिक्षिप्त क्रिया. अर्न्स्ट मोरो या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी १९१८ मध्ये तिचे वर्णन केले. उताण्या बाळाचे डोके हातावर किंचित उचलून धरतात आणि तो हात न काढता थोडासा खाली येऊ देतात. त्याबरोबर बाळ दोन्ही हात बाहेर फेकते, बोटे उघडते, मग हात छातीकडे ओढून घेते आणि बहुधा रडू लागते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही क्रिया जन्मतःच स्पष्ट असते आणि साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत मावळते. एकच हात उघडत असेल, तर जन्माच्या वेळी त्या बाजूच्या खांद्याजवळच्या मज्जातंतूंना ताण बसला आहे का, किंवा गळपट्टीचे हाड मोडले आहे का, हे पाहावे लागते. दोन्ही बाजूंना क्रिया अजिबात न होणे अधिक काळजीचे असते.

दुसरी क्रिया मानेशी जोडलेली आहे. उताण्या बाळाची मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचे हातपाय ताठ होतात आणि विरुद्ध बाजूचे दुमडतात. पहिल्या काही महिन्यांत हे अधूनमधून दिसणे स्वाभाविक आहे. मान वळवली की बाळ त्या ठेवणीत अडकून पडते आणि त्यातून सुटू शकत नाही, असे मात्र कोणत्याही वयात दिसले तरी ते नोंदवण्याजोगे असते. सहा महिन्यांनंतरही ही क्रिया ठळक राहिली, तर बाळाला दोन्ही हात छातीसमोर आणणे आणि कुशीवर वळणे अवघड जाते.

पाय टेकवताच पावले टाकल्यासारखी हालचाल करण्याची नवजात क्रिया सुमारे दोन महिन्यांत दिसेनाशी होते. ती खरोखर नाहीशी होते का, हा मजेचा प्रश्न आहे. १९८४ मध्ये एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले आणि वजन हलके झाले, की पावले टाकणे वाढते. म्हणजे पाय जड होणे हेही एक कारण असते; प्रत्येक बदलाचे श्रेय मेंदूच्या परिपक्वतेला देऊन चालत नाही.

मोरो क्रिया घरी करून पाहावी का?

नाही. डोके खाली येऊ देण्याचे अंतर आणि आधार यांचा अंदाज चुकल्यास इजा होऊ शकते. मोठा आवाज झाल्यावर किंवा पाळण्यात ठेवताना बाळ आपोआप दचकते, तेव्हा दोन्ही हात सारखे उघडतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

पुढच्या महिन्यांत तोलाच्या कोणत्या क्रिया येतात आणि त्या कशा तपासतात?

या टप्प्यावर तपासणीला खरा रंग भरतो. जन्मजात क्रिया मावळत असताना तीन प्रकारच्या नव्या क्रिया आकार घेत असतात.

पहिला प्रकार डोके सरळ ठेवण्याचा. बाळाला छातीपाशी दोन्ही हातांनी धरून सावकाश एका बाजूला कलवले, की ते डोके उभ्या रेषेत आणू पाहते. डोळे जमिनीला समांतर राहिले तर बाकी सारे जुळवणे सोपे जाते, हे यामागचे कारण. याच गटात लँडाऊ प्रतिक्रिया येते. बाळाला पोटाखाली हात देऊन हवेत आडवे धरले, तर साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते डोके उचलते, पुढे पाठ आणि नंतर पायही ताणते. अशा वेळी बाळ दोन्ही बाजूंनी लोंबत राहिले तर स्नायूंचा ताण कमी असण्याची शक्यता असते. उलट, ते फळीसारखे ताठ झाले आणि दुमडताच येत नसले, तर ताण वाढलेला असू शकतो.

दुसरा प्रकार हात पुढे करून स्वतःला वाचवण्याचा. बसलेले बाळ पुढे झुकले की हात टेकते, हे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास जमते. बाजूला कलल्यावर हात टेकणे त्यानंतर येते, आणि मागे हात टेकणे सर्वांत शेवटी, नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास. नुकतेच बसू लागलेले बाळ मागच्या मागे आपटते, त्याचे कारण हा क्रमच आहे. याच प्रकारातील पुढच्या दिशेच्या पॅराशूट प्रतिक्रियेसाठी तपासनीस बाळाला कमरेला व छातीला घट्ट धरून, पोटावर आडवे करून, डोके पुढे ठेवून टेबलाच्या दिशेने पटकन खाली आणतात. सात ते नऊ महिन्यांच्या बाळाचे दोन्ही हात टेबलाकडे झेपावतात आणि बोटे पसरतात. एक हात मागे राहणे किंवा एकीकडची मूठ न उघडणे, हे शरीराच्या त्या बाजूच्या दुबळेपणाचे पहिले चिन्ह असू शकते.

तिसरा प्रकार कलत्या पृष्ठभागावर धड सावरण्याचा. बाळाला मांडीवर किंवा तिरप्या होणाऱ्या फळीवर ठेवून आधार एका बाजूला कलवतात. धड विरुद्ध दिशेला वळते, वरच्या बाजूचे हातपाय बाहेर येतात. पालथ्या स्थितीत ही क्रिया सहाव्या महिन्याच्या सुमारास, बसलेल्या स्थितीत सातव्या-आठव्या महिन्यात आणि उभ्या स्थितीत वर्षानंतर दिसू लागते. एका स्थितीतील क्रिया अजून पक्की होत असतानाच बाळ पुढच्या स्थितीचा प्रयत्न सुरू करते. त्यामुळे उभे राहू पाहणारे बाळ बसल्या जागी कधीकधी डुलते, आणि त्यात काही बिघाड नसतो.

भुकेलेल्या, पेंगुळलेल्या किंवा रडणाऱ्या बाळात या क्रिया नीट दिसत नाहीत. चांगला तपासनीस अशा वेळी नोंद न करता पुन्हा बोलावतो. दहा मिनिटे बाळाला जमिनीवर मोकळे खेळू दिले तर अनेक गोष्टी हात न लावताही कळतात.

ठरलेल्या महिन्यात एखादी गोष्ट झाली नाही तर ते मागे पडले असे समजावे का?

एकट्या त्या कारणावरून समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हालचालींच्या टप्प्यांच्या अभ्यासात निरोगी बाळे आधाराविना बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरट आढळला. सुमारे ४ टक्के बाळे हात व गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणून केवळ रांगणे राहून गेले तर त्याचा बाऊ करण्याचे कारण नसते, बाकीच्या क्रिया ठीक असल्या तर.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात; याला दुरुस्त वय म्हणतात. दोन महिने आधी जन्मलेल्या आठ महिन्यांच्या बाळाकडून सहा महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची असते. हा हिशेब घरात विसरला जातो आणि नाहक धास्ती वाढते.

मग कोणत्या गोष्टी दिसल्यावर वाट पाहू नये?

आधी येत असलेली गोष्ट बाळ करेनासे झाले, तर त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. उशिरा येण्यापेक्षा येऊन हरवणे गंभीर असते. त्याखेरीज चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या राहणे, वयाचे वर्ष पुरे होण्याआधीच एकच हात वापरणे, आठ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, अठरा महिन्यांपर्यंत न चालणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. कमी दिवसांच्या बाळासाठी हे महिने दुरुस्त वयाचे धरावेत. एक हात जास्त वापरण्याचे आईवडिलांना पुष्कळदा कौतुक वाटते, पण इतक्या लहान वयात दुसरा हात का मागे राहतो हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

बाळांसाठी ठरावीक मापनश्रेणी आहेत का?

आहेत. अल्बर्टा इन्फंट मोटर स्केलमध्ये जन्मापासून अठरा महिन्यांपर्यंतच्या ५८ नोंदी असतात आणि त्या मुख्यतः निरीक्षणावर आधारलेल्या आहेत. हॅमरस्मिथ शिशू चेतासंस्था तपासणी २ ते २४ महिन्यांसाठी आहे. तिच्या २६ नोंदींचे जास्तीत जास्त ७८ गुण होतात आणि त्यांत बाजूला कलवणे व पॅराशूट प्रतिक्रिया यांचा समावेश असतो. संशोधक प्रेख्टल यांच्या पद्धतीत प्रतिक्षिप्त क्रिया मुद्दाम घडवत नाहीत. उताण्या, जाग्या बाळाच्या आपसूक हालचालींचे चित्रीकरण पाहून साधारण तीन ते पाच महिन्यांच्या वयात हातापायांच्या बारीक, सर्व दिशांच्या हालचाली आहेत का, हे प्रशिक्षित व्यक्ती ठरवते. सेरेब्रल पाल्सीचा (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत राहणाऱ्या कायमच्या दोषाचा) धोका लवकर ओळखण्यासाठी हॅमरस्मिथ तपासणी, ही पद्धत आणि मेंदूचे एमआरआय चित्र यांचा एकत्रित उपयोग केला जातो. तीनपैकी एकाच गोष्टीवर निदान टेकवणे योग्य नव्हे.

वय वाढल्यावर या क्रियांमध्ये काय बदल होतो?

आतल्या कानातील हालचाल टिपणाऱ्या केशपेशी कमी होतात, तळपायांना कंप व स्पर्श पूर्वीइतका कळत नाही, मोतीबिंदूमुळे दृश्य धूसर होते, मज्जातंतूंतील संदेशांचा वेग घटतो आणि घोट्यांची ताकद उतरते. प्रत्येक बदल किरकोळ असला तरी सगळ्यांची बेरीज जाणवते. लहान धक्का बसला तर तरुण माणूस घोट्यांतूनच सावरतो, धक्का मोठा असेल तर कमरेतून वाकतो आणि त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकतो. ज्येष्ठ व्यक्तीला कमी धक्क्यातही पाऊल टाकावे लागते, आणि एकाऐवजी दोन-तीन पावले लागतात.

बाळात सात ते नऊ महिन्यांनी आलेली पॅराशूट प्रतिक्रिया मात्र जन्मभर सोबत राहते. पन्नाशी-साठीत माणूस पडतो तेव्हा हात पुढे येतो आणि मनगट मोडते. आणखी वय झाल्यावर हात वेळेवर पोहोचत नाही, माणूस सरळ कुशीवर आदळतो आणि खुब्याचे हाड मोडते. मनगटाचे हाड मोडण्याची घटना म्हणूनच पूर्वसूचना मानावी. प्लास्टर काढले म्हणजे प्रकरण मिटले, असे समजू नये.

ज्येष्ठांची तपासणी कुठून सुरू होते?

गेल्या वर्षभरात पडलात का, कसे पडलात आणि पडण्याची भीती वाटते का, या प्रश्नांपासून. पासष्टीच्या पुढच्या सुमारे एक तृतीयांश व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, आणि बरेचजण ते घरच्यांनाही सांगत नाहीत. पाय अडकून पडणे, चक्कर येऊन पडणे आणि शुद्ध हरपून पडणे या तीन वेगळ्या वाटा आहेत. त्यानंतर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर दोष तोलाच्या यंत्रणेत नसून रक्तदाबात असू शकतो. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, चष्मा, पायांची नखे आणि पादत्राणे हेही पाहिले जाते. ही पायरी गाळून थेट चाचण्यांकडे वळणाऱ्या तपासणीवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

‘उठा आणि चाला’ ही चाचणी काय सांगते?

खुर्चीवरून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, आणि त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पोडसिआड्लो आणि रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये ती मांडली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शनात १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका मानतात. सेकंदांइतकेच वळताना पावले तुटक पडतात का, हातांच्या आधारावाचून उठता येते का, यांकडे लक्ष द्यावे. तोल किती टिकतो हे पाहण्यासाठी पाय जुळवून, एक पाऊल अर्धे पुढे ठेवून, एकामागोमाग एक पावले ठेवून आणि शेवटी एका पायावर, असे प्रत्येकी १० सेकंद उभे करतात. एकामागोमाग पावले ठेवून १० सेकंद न टिकणे हे धोक्याचे लक्षण मानले जाते. तोल मोजणाऱ्या बर्ग श्रेणीत १४ कामे व ५६ गुण असतात.

पण यांत प्रतिक्षिप्त क्रिया कुठे तपासली जाते?

प्रश्न रास्त आहे. वरच्या चाचण्यांत माणूस स्वतः ठरवून हालचाल करतो. प्रत्यक्षात पडणे घडते ते न ठरवलेल्या क्षणी, त्यामुळे अचानक बसलेल्या धक्क्याला शरीर काय उत्तर देते हे वेगळे तपासावे लागते. पार्किन्सन्सच्या तपासणीत तज्ज्ञ मागे उभे राहून, आधी सूचना देऊन, खांद्यांना धरून मागे झटका देतात. दोन पावलांपर्यंत मागे जाऊन सावरणे सामान्य मानतात. जास्त पावले लागणे किंवा पाऊल न टाकता खांबासारखे मागे कोसळू लागणे हा दोष. मिनी-बेस्टेस्ट या तोलाच्या चाचणीसंचात माणूस तपासनीसाच्या हातावर रेलतो आणि हात अचानक काढून घेतला जातो. पुढे, मागे आणि बाजूला अशी तिन्ही दिशांची नोंद होते. बाजूला पाऊल टाकण्यातली चूक विशेष मोलाची असते, कारण खुब्यावर पडणे बहुधा त्याच दिशेने होते.

या चाचण्या घरी करू नयेत. झेलणारा माणूस ताकदीचा आणि सरावाचा हवा, मागे भिंत हवी, आणि वजनदार रुग्णासाठी दोघे हवेत.

डोळे मिटून उभे केल्यावर झोक जातो. हा लहान मेंदूचा दोष आहे का?

बहुधा नाही. रोम्बर्ग चाचणीत आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून उभे करतात. उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेला माणूस मिटल्यावर कोसळू लागला, तर पायांकडून येणारी संवेदना किंवा आतल्या कानाचे काम कमी पडत आहे, आणि ती उणीव आजवर डोळे भरून काढत होते, असा अर्थ होतो. लहान मेंदूच्या आजारात डोळे उघडे असतानाही पाय जुळवून उभे राहणे कठीण जाते. डोळ्यांवर विसंबणाऱ्या व्यक्ती रात्री अंधारात आणि तोंडावर पाणी घेताना जास्त अडखळतात का, हे विचारले तर चाचणीआधीच अंदाज येतो.

चक्कर येत असेल तर वेगळी तपासणी लागते का?

हो. डोके हलले तरी नजर स्थिर ठेवणारी क्रिया सुमारे १० मिलिसेकंदांत घडते. हॅल्मागी आणि कर्थॉईस यांनी १९८८ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत रुग्ण समोर नजर रोखतो आणि तपासनीस डोके थोडेसे पण झटकन वळवतात; नजर डोक्याबरोबर सरकून मग उडी मारून परत आली, तर त्या बाजूच्या कानाचे काम मंदावलेले असते. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल, तर मान वळवलेली ठेवून पटकन आडवे करण्याची डिक्स-हॉलपाइक चाचणी करतात. आतल्या कानातील बारीक कण जागेवरून सरकल्यामुळे होणारी ही चक्कर ज्येष्ठांत नेहमी आढळते, आणि डोक्याच्या ठरावीक हालचालींनी बहुतेकदा बरी होते. मानेचा गंभीर आजार असल्यास दोन्ही चाचण्या जपून करतात किंवा टाळतात.

बाळपणीच्या क्रिया म्हातारपणी पुन्हा दिसल्या, तर ते स्मृतिभ्रंशाचे लक्षण समजावे का?

तळहाताला स्पर्श होताच मूठ आवळणे किंवा ओठांवर टिचकी मारताच ते पुढे काढणे, अशा क्रिया मेंदूच्या पुढच्या भागाच्या आजारांत पुन्हा प्रकट होऊ शकतात. तथापि त्यांतील काही निरोगी ज्येष्ठांतही आढळतात, त्यामुळे एकटी अशी क्रिया काहीच सिद्ध करत नाही. त्यापेक्षा चालता चालता प्रश्न विचारावा. उत्तर देण्यासाठी माणसाला थांबावेच लागत असेल, तर चालण्याचा तोल सांभाळण्यात त्याचे बरेचसे लक्ष खर्च होत आहे, आणि अशा व्यक्तींना पडण्याचा धोका अधिक असतो.

यंत्रावरची तपासणी अधिक विश्वासार्ह असते का?

अधिक बारीक असते. हलत्या पाटावर उभे करून स्नायूंना लागणारा वेळ व शरीराचा झोका मोजता येतो. कारण शोधताना आणि उपचारांची प्रगती पाहताना तिचा उपयोग होतो. प्रत्येकाला तिची गरज नसते.

ज्येष्ठांच्या या क्रिया सुधारतात का?

बऱ्याच अंशी सुधारतात. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि त्यांत तोलाचे व रोजच्या हालचालींचे व्यायाम प्रभावी ठरले. देखरेखीखाली सुरक्षित पट्टा बांधून मुद्दाम धक्के देण्याचा सराव पाऊल टाकण्याच्या क्रियेवरच काम करतो. नुसते चालणे आरोग्याला चांगले असले, तरी त्याने अचानक पाऊल टाकायची सवय होत नाही.

तपासणीला जाताना काय सोबत न्यावे?

बाळासाठी प्रसूतीच्या वेळची कागदपत्रे, अपेक्षित तारीख आणि घरी मोकळे खेळतानाचे मोबाइलवरचे काही चित्रीकरण न्यावे. वेळ पोट भरलेली आणि झोप झालेली असेल अशी निवडावी. ज्येष्ठांनी सर्व औषधे मूळ वेष्टनासह, नेहमीचा चष्मा, काठी आणि रोज वापरायचीच पादत्राणे न्यावीत. पडण्याची घटना प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती सोबत असेल तर फार मदत होते. पुढच्या तपासणीत तुलना करता यावी, म्हणून सेकंद, पावलांची संख्या आणि कोणती बाजू कमजोर होती, हे लिहून मागून घ्यावे.